आधी रक्ततपासणी, मग संत्रं, मग पेन

पत्र :

काकू, मी अडतीस वर्षांची, नागपूरची, शाळेत शिकवते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८८ किलो. साखर काठावर आहे, तीन महिन्यांची सरासरी ६.१. जिना चढताना गुडघे बोलतात. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा, पेनासारख्या साधनातून घ्यायचं वजन कमी करण्याचं इंजेक्शन सुचवलं. ती चिठ्ठी दीड महिन्यापासून पर्समध्ये पडून आहे. कारण एकच, सुई. मला नुसती भीती वाटत नाही, मी पडते. मागच्या वर्षी लॅबमध्ये रक्त देताना खुर्चीवरून घसरले, कपाळाला खोक पडली. लहानपणी कंपाउंडरनं पालथं पाडून आणि आईनं पाय धरून दिलेली इंजेक्शनं अजून आठवतात. जाऊबाई म्हणतात, 'दोन सिझेरियन झालेली बाई अन् सुईला भेते!' (तेव्हा कुशीवर झोपवून पाठीत दिलेली सुई मात्र कशी सहन झाली कोण जाणे.) नवरा म्हणतो, तू झोपली की मी देऊन टाकीन. भिशीतली एक मैत्रीण तिच्या पेनातला एक डोस 'घेऊन तर पाहा' म्हणून द्यायला तयार आहे. गोळी घेतली तर नाही का चालणार? की माझ्या डोक्यातच काही बिघाड आहे? आणि मला अगं-तुगंच करा.
— पर्समधली चिठ्ठी

उत्तर :

अगं चिठ्ठी,

पहिल्यांदा तुझ्या नवऱ्याचं. त्याला म्हणावं, झोपेत सुई टोचणार असशील तर मी आजपासून जागीच राहते. तो थट्टेनं म्हणाला असेल, पण तुझी भीती मुळात अशाच प्रकारातून आली आहे. कोणीतरी धरलं, तुला न विचारता टोचलं, तू ओरडत होतीस आणि कोणी थांबलं नाही. तेच पुन्हा लाडानं केलं तरी तुझ्या अंगाला तो कंपाउंडरच आठवणार. यापुढे तुझ्या अंगात कुठलीही सुई जाईल ती तुला माहीत असताना, तू 'हो' म्हटल्यावर आणि तू 'थांब' म्हटल्यावर थांबेल अशीच जाईल. हे घरात आधी ठरवून टाक.

आता जाऊबाईंकडे वळते, कारण त्यांच्या टोमण्यातच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे आणि तू ते कंसात टाकून दिलंस. पाठीत सुई गेली, दोनदा गेली, आणि तू बेशुद्ध पडली नाहीस. लॅबमधल्या खुर्चीवर मात्र घसरलीस. फरक काय? त्या वेळी तू आडवी होतीस.

बाकीच्या भीतींचं गणित सरळ असतं. पाल दिसली, लिफ्ट अडकली, की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, माणूस पळतो. पळणारा माणूस बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुई यांची भीती वेगळी आहे. तिच्यात आधी धडधड वाढते आणि मग एकाएकी सगळं उलटतं. नाडी मंदावते, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला क्षणभर पुरत नाही. कानात गुणगुण होते, डोळ्यांपुढे पिवळं-काळं येतं, तळहाताला गार घाम सुटतो आणि माणूस खाली. आडवं पडल्याबरोबर रक्त डोक्याकडे येतं आणि मिनिटभरात शुद्ध येते. हा शरीराचा प्रतिक्षेप आहे, त्यात डोक्यातला बिघाड वगैरे काही नाही. आणि हे घराण्यात उतरतं बरं का. तुझ्या आईला, मामाला, भावाला कधी रक्त पाहून भोवळ आली होती का, विचारून बघ. बहुतेक वेळा कोणीतरी निघतंच.

मी स्वतः पडलेली आहे. डॉक्टरकीच्या शिक्षणात, वॉर्डातले पहिले दिवस होते. मे महिना, सकाळी घाईत नुसता चहा पिऊन गेलेली. एका पेशंटच्या मणक्यातून पाणी काढत होते आणि मी मागच्या रांगेत टाचा उंच करून बघत होते. सुईच्या मागच्या टोकाला स्वच्छ पाण्याचा एक थेंब लोंबला, तो खाली पडायच्या आधी मी पडले. डोळे उघडले तेव्हा वॉर्डातली आयाबाई केसपेपरनं वारा घालत होती आणि शेजारणीला सांगत होती, 'हे बापा, हिलेच डॉक्टर व्हायचं हाय म्हणे.' पुढे नागपूरच्या महाल भागात चौतीस वर्षं दवाखाना चालवला, हजारो सुया टोचल्या. सांगायचं एवढंच, की पडणं आणि भित्रेपणा यांची गाठ मारू नकोस. तुझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भीती, एक पडणं. त्यांची औषधंही वेगळी.

पडण्याचं औषध आधी सांगते, कारण ते लवकर लागू पडतं. तुला आजवर सगळ्यांनी काय सांगितलं असेल? 'अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे, शांत हो.' पडणाऱ्या माणसाला हा उलटा सल्ला आहे! रक्तदाब आधीच खाली निघालेला, त्यात अंग सैल सोडलं की तो आणखी खाली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात याच्या बरोबर विरुद्ध युक्ती पक्की केली. अंग सैल नाही, घट्ट करायचं. मुठी आवळायच्या, मांड्या, पोटऱ्या, नितंब आणि पोट आवळायचं, श्वास मात्र रोखायचा नाही. दहा-पंधरा सेकंदांत चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटते. तिथे सोडायचं, पण अगदी गळाठून नाही, नेहमीच्या बसण्याइतकंच. वीस-तीस सेकंद थांबायचं आणि पुन्हा. असं पाच वेळा. आठवडाभर रोज दोन-तीनदा कर, स्टाफरूममध्ये बसल्या-बसल्याही होतं, कोणाला कळत नाही. रक्तदाबाचं किंवा हृदयाचं काही दुखणं असेल तर मात्र आधी तुझ्या डॉक्टरांना विचार.

ज्या हातातून रक्त घ्यायचं तो हात तेवढा सैल ठेवायचा, बाकी सगळं आवळायचं. आवळलेल्या दंडात सुई दुखते.

आता एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ती असणार. हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टर बहुधा नव्यानं रक्त तपासतील. साखर, मूत्रपिंड, यकृत, बहुतेक वेळा थायरॉइडही. म्हणजे तुझ्यासमोर खरी मोठी सुई पेनाची नाहीच, लॅबची आहे. लॅबची सुई पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आणि शिरेत जाते. पेनावर लावायची सुई ०.२३ मिलिमीटर. साडीला फॉल लावायची तुझी सुईसुद्धा याच्या दुप्पट जाड भरेल. डोक्याचे तीन केस एकत्र धरून बघ, साधारण तेवढी. आणि लांबी चार मिलिमीटर, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. तू मनात धरून बसलीस ती दवाखान्यातली जुनी सुई. काचेची पिचकारी, स्टीलच्या डब्यात उकळून पुन्हा-पुन्हा वापरलेली, टोक बोथट झालेली, आणि दीड इंच लांब. त्या सुईला घाबरणारं पोर शहाणंच होतं. खरंच सांगते, आम्हालाही ती टोचताना बरं वाटायचं नाही.

म्हणून लढाई लॅबपासून सुरू कर. त्यासाठी लॅबमध्ये जाऊ नकोस. घरी येऊन रक्त नेणारी मुलं आता सगळीकडे मिळतात. फोनवरच सांग, 'मी पडते, मला पलंगावर झोपवून रक्त घ्या.' लाजायचं नाही, त्यांना रोज अशी दोन माणसं भेटतात. उपाशीपोटी तपासणी असली तरी पाण्याला मनाई नसते, अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी पी. रक्तदात्यांमध्येही आधी पाणी प्यायल्यानं भोवळ कमी येते असं दिसून आलंय. आणि आपल्या नागपूरच्या उन्हात तर माणूस तसाच अर्धा सुकलेला असतो. सुन्न करणारं मलम मिळतं, तेही डॉक्टरांकडून लिहून घे. रक्त काढायच्या तासभर आधी कोपराच्या खोबणीत लावून वर प्लास्टिक चिकटवायचं. मग आडवं व्हायचं, पाय उशीवर, तोंड भिंतीकडे, मांड्या-पोट आवळायचं. झाल्यावर लगेच ताडकन उठायचं नाही. दहा मिनिटं पडून राहा, मग बस, मग उभी राहा. तुझ्या कपाळाची खोक मला राहून-राहून आठवते. तुला सुईनं इजा केलेली नाही, फरशीनं केली आहे.

हे एकदा न पडता पार पडलं, की तुझ्या अंगाला पहिल्यांदाच एक नवी गोष्ट कळलेली असेल.

आता भीती. ती समजावून जात नाही, सवयीनं जाते. हळूहळू, एकेक पायरी, आणि पायरीवर थांबून. बहुतेक लोक चुकतात ते इथेच. ते डोळे मिटून एकदम उडी मारतात, कसंबसं सुटतात, आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट. किंवा पायरी चढतात आणि धडधड सुरू झाली की पळतात, म्हणजे मेंदू शिकतो की 'पळालो म्हणून वाचलो'. धडधड वाढते, शिगेला जाते, आणि तू तिथेच बसून राहिलीस तर काही वेळानं आपोआप उतरते. ती उतरेपर्यंत बसायचं, एवढंच काम.

औषधाच्या दुकानातून पेनाच्या सुयांचं एक पाकीट आण. फक्त सुया. इन्शुलिनवाले रोज नेतात, काही महाग नसतात. 'चार मिलिमीटर, ३२ गेज' म्हण. ते पाकीट पहिले तीन-चार दिवस जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी राहू दे. रोज दिसलं पाहिजे, बस्स. घरात लहान मुलं आहेत, तेव्हा मुलं शाळेत गेल्यावर काढ आणि नंतर कपाटात वर ठेव. मग एक सुई टोपणासकट हातात घे. मग बाहेरचं टोपण काढ, आतलं बारीक टोपण राहू दे. मग तेही काढ आणि नुसती बघत बस. चहाचा कप पुरा होईपर्यंत. पोटात कालवलं तर मांड्या आवळ, पण कप संपेपर्यंत उठू नकोस.

आणि मग संत्रं. आम्हाला टोचायला शिकवलं ते संत्र्यावरच, आणि नागपूरच्या पोरीला याहून सोपी शाळा कुठली मिळणार! इन्शुलिनची एक छोटी सिरिंज घे किंवा डॉक्टरांकडे नमुन्याचं पेन असेल तर ते. संत्र्याची साल म्हणजे तुझी कातडी, सालीच्या आतला पांढरा मऊ भाग म्हणजे चरबीचा थर, आणि फोड म्हणजे स्नायू. चार मिलिमीटरची सुई संत्र्यात घातलीस तर कळेल, की ती किती थोडी आत जाते. हेच तुझ्या पोटावर होणार आहे. माणूस जाड असो की बारीक, वजन साठ असो की एकशे वीस, इंजेक्शन द्यायच्या जागी कातडी साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास असते. त्यामुळे चार मिलिमीटरची सुई कातडीच्या खालच्या चरबीत थांबते. 'माझ्या पोटावर एवढी चरबी, मला लांब सुई लागेल' ही शंका तुझ्या मनात असेल तर ती इथेच सोड.

संत्र्याला पहिल्या दिवशी एकदा टोच, दुसऱ्या दिवशी दहा वेळा. तुला हसू यायला लागेल, तेव्हा समज पुढच्या पायरीची वेळ झाली. पुढची पायरी म्हणजे पोटावर, नाभीपासून दोन इंच दूर, टोपण लावलेलीच सुई नुसती टेकवून ठेवणं. त्यानंतर जी पायरी आहे ती खरी, आणि ती पहिल्यांदा डॉक्टरांच्या दवाखान्यात, पलंगावर पडून, सिस्टरच्या हातून घे. दुसऱ्या वेळी सिस्टर बघतील आणि तू देशील. अनेकांचा अनुभव असा, की स्वतःच्या हातानं टोचताना भीती कमी लागते, कारण केव्हा टोचायचं ते आपल्या हातात असतं. तुझ्या बाबतीत तर तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुला एक सावधगिरी सांगून ठेवते. यूट्यूबवर बघायला गेलीस तर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतील. त्यांतली बरीचशी पेनं एकदा वापरून टाकायची असतात, सुई आत लपलेली, खटका दाबला की झालं. तुला वाटेल, अरे वा, सुई दिसतच नाही. आपल्याकडे २०२५ साली वेगोवी (यातलं औषध सेमाग्लुटाइड) आली ती चार डोसांच्या पेनात. मौंजारो (यातलं औषध टिर्झेपटाइड) आधी मार्चमध्ये बाटलीत आलं, पेन नंतर आलं, तेही चार डोसांचं. या पेनांना दर वेळी नवी सुई आपल्या हातानं लावावी लागते आणि ती दिसते. दुकानातून आणल्यावर हे कळून दचकण्यापेक्षा आजच माहीत असलेलं बरं. बाटलीवालं औषध कोणी सुचवलं तर डॉक्टरांना सरळ सांग, मला पेनच हवं. बाटलीतून सिरिंजमध्ये ओढायचं म्हणजे सुईकडे जास्त वेळ बघत बसणं आलं आणि मात्रा चुकण्याची शक्यताही आली.

टोचताना दुखू नये म्हणून तीन बारीकसारीक गोष्टी पुरतात. फ्रीजमधून काढलेलं पेन पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेव, गार औषध झोंबतं. स्पिरिट लावलं तर ते पुरतं वाळू दे, ओलं स्पिरिट सुईपेक्षा जास्त चुरचुरतं. आणि सुई दर वेळी नवी. काटकसर म्हणून तीच सुई चार आठवडे वापरणारे लोक मी पाहिलेत. बटण दाबून झाल्यावर सुई लगेच ओढायची नाही, हळूहळू पाच-सहा अंक मोजायचे. औषधासोबतच्या कागदावर नेमका आकडा लिहिलेला असतो. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाक, झाकण घट्ट लाव आणि डबा भरला की दवाखान्यात नेऊन दे. कचऱ्याच्या पिशवीत टाकलीस तर ती सकाळच्या कचरागाडीवाल्याच्या हातात घुसते.

भिशीतल्या मैत्रिणीला मात्र स्वच्छ नाही म्हण. सुई नवी लावली तरी पेनाच्या आत रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो, कावीळ ब आणि एचआयव्ही यांचा धोका त्यातूनच येतो. शिवाय ती जर वरच्या डोसवर असेल आणि तू पहिल्याच दिवशी तेवढा घेतलास, तर ओकून-ओकून बेजार होशील. सेमाग्लुटाइड आठवड्याला पाव मिलिग्रॅमपासून सुरू करतात, टिर्झेपटाइड अडीच मिलिग्रॅमपासून, आणि चार-चार आठवड्यांनी डोस वाढवायचा की नाही ते बघतात. यात 'घेऊन तर पाहा' असं काही नसतं.

गोळीचं विचारलंस. सेमाग्लुटाइडची गोळी, रायबेल्सस, आपल्याकडे काही वर्षांपासून मिळते, पण ती टाइप २ मधुमेहासाठी. तुला अजून मधुमेह झालेला नाही. वजनासाठीची जास्त डोसची गोळी अमेरिकेत २०२५ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली. डॉक्टरांशी या विषयावर जरूर बोल. गोळी घेणं म्हणजे पळ काढणं असं मी अजिबात मानत नाही. पण तिची स्वतःची शिस्त आहे. सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी, फार तर अर्धा पेला पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास काहीही नाही. चहाही नाही. सहाच्या चहाशिवाय डोळे न उघडणाऱ्या आपल्या लोकांना आठवड्याची एक सुई परवडली असं वाटलं तर नवल नको.

इथपर्यंत मी असं बोलत आले, जणू इंजेक्शन घ्यायचं हे ठरलंच आहे. ते ठरलेलं नाही. आणि मला काळजी तीच वाटते. तू दीड महिना सुईवर इतका विचार केलास, की औषधावर विचार करायचा राहूनच गेला. भीतीपोटी नको म्हणणं चूक, तसं भीती जिंकली या आनंदात हो म्हणून टाकणंही चूक. औषधाचा निर्णय सुई बाजूला ठेवून घे. समज हेच औषध सरबतासारखं प्यायचं असतं, तर घेतलं असतंस का?

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, पस्तीसच्या वर जातो. औषधाच्या कागदावर तीसच्या वर, किंवा सत्तावीसच्या वर आणि सोबत रक्तदाब-साखरेसारखं दुखणं, अशी अट असते. म्हणजे डॉक्टरांनी उगाच सुचवलेलं नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी पंधरा टक्के उतरलं. तुझ्यासाठी ते तेरा किलो. सरासरी म्हणजे कोणाचं जास्त, कोणाचं फारच कमी. पण त्याच चाचणीतल्या काही लोकांवर पुढे लक्ष ठेवलं, तर औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलेलं होतं. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न, 'हे किती वर्षं?' दुसरा, 'महिन्याला खर्च किती, आणि डोस वाढल्यावर किती?' हा हिशेब नवऱ्याबरोबर बसून कर. झोपेत सुई द्यायची तयारी आहे त्याची, तर जागेपणी हिशेबालाही बसेल.

घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, विशेषतः मेड्युलरी नावाचा, तुला कधी स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील, तर हे तू आपणहून सांग. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नकोस. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर तेही. गरोदरपणात हे औषध चालत नाही आणि सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील आणि टिर्झेपटाइड ठरलं, तर सुरुवातीचे आणि प्रत्येक डोसवाढीनंतरचे चार आठवडे दुसरं साधनही वापरावं लागतं. हे बायकांना कोणी सांगत नाही, म्हणून मी ठासून सांगते.

मळमळ आणि बद्धकोष्ठता या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिले काही आठवडे जास्त, मग बहुतेकांची कमी होते. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे आणि रात्री सावजी, असा बेत ठेवलास तर पोट तुला माफ करणार नाही. तेलकट-झणझणीत त्या दोन दिवसांत बाजूला ठेव. भूक मेली म्हणून दोन बिस्किटांवर दिवस काढू नकोस, त्यात चरबीबरोबर स्नायूही उतरतात. वरण, मोड आलेले मूग, अंडी, दही, जे चालत असेल ते आधी, भात-पोळी नंतर. पोटात कळ उठून पाठीत जाते आहे आणि ओकारी थांबत नाही असं झालं, तर पुढच्या डोसची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

औषध ठेवायचं कुठे, हा नागपुरात बारीक प्रश्न नाही. पेन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं असतं. फ्रीजच्या मधल्या खणात, बर्फाच्या कप्प्याला न चिकटता. गोठलं की ते फेकायचं. वापरायला काढल्यानंतर काही आठवडे तीस अंशांच्या आत बाहेर चालतं, असं कागदावर लिहिलेलं असतं, पण नवतपात आपल्याकडे कूलर लावूनही खोली तीसच्या आत येत नाही. म्हणून उन्हाळाभर फ्रीजच. दुकानातून आणताना बर्फाच्या पिशवीत घालून आण आणि सीताबर्डीत आणखी दोन कामं उरकायला गाडीच्या डिकीत ठेवू नकोस.

पायऱ्या चढून पाहिल्यास आणि संत्र्याशीच अडून राहिलीस, किंवा महिना झाला तरी पाकीटच उघडवत नाही, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. सुईच्या भीतीवर उपचार ही त्यांची रोजची कामं आहेत, थोड्या बैठकींत बराच फरक पडतो. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, किंवा एम्सच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार विभाग आहे. आधी नुसतं फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जाऊबाईंना सांगायची गरज नाही.

तुझ्या घरी मुलं आहेत म्हणून एक विनंती. 'जेव, नाहीतर डॉक्टरकाकू सुई टोचतील' हे वाक्य मी चौतीस वर्षं माझ्याच दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आयांच्या तोंडून ऐकलंय. दर वेळी वाटायचं, अहो, हे पोर मोठं होऊन कोणाकडे पत्र लिहिणार आहे. तुझ्या शाळेतही कोणी म्हणत असेल तर तेवढं थांबव.

या आठवड्यात एवढंच कर. उद्यापासून मुठी-मांड्यांचा व्यायाम, आणि शनिवारी घरी येणाऱ्या लॅबवाल्याला फोन. पेनाचा विचार त्याचा निकाल हातात आल्यावर. आणि गोकुळपेठ बाजारात संत्री घ्यायला गेलीस की दोन वेगळ्या पिशव्या कर. टोचलेली संत्री चुकून मुलांच्या डब्यात जायला नकोत.

— काकू